छत्र आहे, पति नाही

जुनं नाणं विकायला आलेला माणूस लांबूनच ओळखू येतो, असं चाचा म्हणतात. जाफर गेटच्या रविवारच्या बाजारात कोपराला कोपर लागावं अशी गर्दी. जुने पंखे, सायकलची चाकं, किल्लीविना कुलपं आणि कुलपाविना किल्ल्या, कुणाच्या तरी लग्नात आहेर म्हणून आलेले आणि खोक्यातून कधीच बाहेर न पडलेले लेमन सेट, या सगळ्यातून वाट काढत तो येतो. एक हात मोकळा, दुसरा खिशावर. आधी दोन दुकानं पुढे जातो, परत फिरतो, चाचांच्या काचेच्या पेटीत उगाच डोकावतो आणि आवाज खाली आणून विचारतो, "जुनी नाणी घेता का हो?" शे-दोनशे जुनी नाणी मांडून बसलेल्या माणसाला विचारलेला हा प्रश्न. चाचा हसत नाहीत. "हौ, लेते ना. बताओ."

मग सोडवासोडव सुरू होते. रुमाल, त्यात प्लास्टिकची पिशवी, तिच्यात वर्तमानपत्राचा कागद, कागदात कापूस. चाचांचा अनुभव असा की वेष्टनं जितकी जास्त तितकी आतल्या नाण्यात जान कमी. खरोखर मोलाचं नाणं बहुधा सुट्ट्या पैशांत, बटणांबरोबर आणि मोडक्या घड्याळाच्या किल्लीबरोबर येतं, आणि आणणाऱ्याला त्याचा पत्ता नसतो.

मी चाचांकडे विकायला जात नाही आणि घ्यायलाही क्वचितच जातो. ते भाव कसा ठरवतात हे बघत बसायला मला आवडतं. रविवारी जाफर गेटला, एरवी शहागंजच्या घंटाघराजवळ घड्याळं दुरुस्त करणाऱ्याच्या पायरीवर. चहा त्यांचा, वेळ माझा, असा आमचा व्यवहार आहे आणि त्यात अजून कुणी घासाघीस केलेली नाही.

मध्यंतरी एका गृहस्थांच्या कापसातून 'यूकेएल वन आणा' निघाला. साल १८१८, एका बाजूला ईस्ट इंडिया कंपनीचं नाव, दुसऱ्या बाजूला राम, लक्ष्मण, सीता आणि पायाशी मारुतीराया. कंपनी सरकार बाकी काहीही असेल, इतकं रामभक्त कधीच नव्हतं. असलं नाणं कंपनीनं कधी पाडलंच नाही. ही नाणी अलीकडच्या काळात, भाबड्या माणसांसाठी, पोत्यानं पाडली गेली. पण ते गृहस्थ म्हणाले, "मोबाइलवर एकानं अठरा लाख सांगितलेत." चाचांनी नाणं दोन्ही हातांनी परत दिलं. "जिसने बताया उसीच को देना साब. मैं गरीब आदमी." थोड्या वेळानं गृहस्थांचा चेहरा बघून त्यांना राहवेना. म्हणाले, "देवघरात ठेवा. पूजेला चांगलं आहे. विकू नका."

'खोटं' हा शब्द चाचा उच्चारत नाहीत. पूजेचं, शोभेचं, आठवणीचं असे त्यांचे तीन वर्ग आहेत आणि तिन्हींची किंमत शून्य. या धंद्यातलं निम्मं कसब भाव सांगण्यात नसून भाव नाही हे सांगण्यात आहे, आणि ते असं सांगायचं की माणूस पुढच्या वेळी दुसरं काहीतरी घेऊन परत आला पाहिजे. त्यांच्याकडे तांदूळ खेचणारं नाणं घेऊन आलेले आहेत (तांदूळ खेचले गेले नाहीत, कोट्यवधींच्या आशेनं त्या नाण्यात चार मित्रांनी घातलेले पैसे मात्र खेचले गेले होते). २०१२ सालची वैष्णोदेवीची पाच आणि दहाची नाणी तर आठवड्याला येतात. त्यांचा भाव चाचा ताबडतोब देतात: पाचच्या नाण्याचे पाच, दहाच्याचे दहा. "चलन में है ना, कायकू नहीं लेंगे?" रिझर्व्ह बँकेला ऑगस्ट २०२१ मध्ये पत्रक काढून सांगावं लागलं की जुन्या नाण्यानोटांची खरेदी-विक्री आम्ही करत नाही आणि कुणाकडून त्यासाठी शुल्क किंवा कमिशनही मागत नाही. लाखांची बोली लावणारे फोनवरचे लोक आधी 'रजिस्ट्रेशन'चे काही हजार मागतात, हे तेव्हापर्यंत बऱ्याच जणांना पैसे भरून कळलं होतं.

सगळ्या घोटाळ्याचं मूळ एकच आहे. जुनं म्हणजे महाग, असं आपल्याला वाटतं. चाचांच्या पेटीत पैठणच्या बाजूची सातवाहनांची शिशाची आणि पोटीनची नाणी असतात. अंगठ्याच्या नखाएवढी, झिजलेली, एका बाजूला सोंड उंचावलेला हत्ती असल्याचा भास. वय दोन हजार वर्षांच्या आसपास. किंमत मिसळीच्या दोन प्लेटा. त्याच पेटीच्या वरच्या कप्प्यात, प्लास्टिकच्या चौकटीत, सहाव्या जॉर्जचा १९३९ सालचा रुपया असायचा, तो कुणीतरी कित्येक हजारांना नेला. शंभर वर्षंसुद्धा न झालेला. १९३८चा रुपया हवा तेवढा, १९४०चाही हवा तेवढा. मधल्या सालचे रुपये बाहेर आलेच जेमतेम. हजारोंचा फरक एका आकड्याचा. म्हणून तर खोटे १९३९ इतके फिरतात की चाचा असा रुपया हातात आला की आधी त्या नऊकडे संशयानं बघतात आणि मग आणणाऱ्याकडे.

जुनं असणं पुरत नाही आणि दुर्मीळ असणंही पुरत नाही. ते हवं असणारा कुणीतरी असावा लागतो. चाचा नाणं बघतात तेव्हा मला वाटायचं की ते नाण्याचं मोल करतायत. पुष्कळ बैठकींनंतर लक्षात आलं की ते मनातल्या मनात गिऱ्हाइकांची यादी चाळत असतात. जालन्याचे मास्तर निजामाचे हालीच घेतात. पुण्याचे एक डॉक्टर फक्त शिवराई. सिडकोतल्या बँकवाल्यांना दौलताबाद टांकसाळीचं काहीही चालतं, पण नाव वाचता आलं पाहिजे. नाणं यांच्यापैकी कुणाच्या खिशाशी जुळलं तर चाचांची मान किंचित डावीकडे कलते. ती कलली की समजावं, भाव मिळणार.

चांदीच्या नाण्याला मात्र एक तळ असतो, त्याखाली ते जात नाही. तो तळ म्हणजे मोडीचा भाव. राणीछाप रुपया ११.६६ ग्रॅमचा, बारा भागांत अकरा भाग चांदी. १९४० पासून इंग्रजांनी युद्धापायी त्यातली चांदी निम्म्यावर आणली, आणि शेवटी १९४७चे रुपये निकेलचेच. त्यामुळे दोन सारखे दिसणारे रुपये, दोन्हींवर मुकुटवाला राजा, वजनही सारखं, पण एक दुसऱ्याच्या जवळजवळ दुप्पट चांदीचा. चाचा आधी काट्यावर टाकतात, मग काचेवर हलकेच सोडून वाजवतात, मग नख फिरवून कडेचे कंगोरे बघतात. ओतीव नकलेला कडेवर जोड लागतो आणि तो डोळ्यांआधी नखाला लागतो.

दिवाळीत या तळाला भरती येते. आमच्या मावशीकडे लक्ष्मीपूजनाच्या ताटातले रुपये होते, व्हिक्टोरिया राणीचे चार आणि पंचम जॉर्जचे दोन. सातवा एडवर्ड तिला चालत नसे. त्याच्या डोक्यावर मुकुट नाही, मग तो लक्ष्मीच्या पंगतीला कसा बसणार? दर धनत्रयोदशीला हे सहाही जण चिंच आणि रांगोळीनं घासून निघत. तिच्या सासूबाईंनी घासले, मग तिनं घासले. राणीचं नाक गेलं, कानामागचे केस गेले, झग्यावरची वेलबुट्टी तर केव्हाच गेली. रुपये लख्ख. चाचांनी एकेक उचलून बघितला आणि विचारलं, "घरात स्वच्छता फार दिसते?" मावशी खूश झाली. मग त्यांनी चांदीचा भाव सांगितला, आणि त्यातूनही झिजेची घट धरली. मावशी म्हणाली, "अहो, इतके चकाकतायत!" चाचा म्हणाले, "म्हणूनच तर, ताई." एका रुपयाला गळ्यात घालण्यासाठी कडी डागलेली होती. तिचे आणखी गेले. भोक सरकारनं पाडलेलं असेल तर हरकत नाही, ढबू पैशानंतरचा तो १९४३चा भोकाचा पैसा मजेत विकला जातो; सोनारानं पाडलेलं असेल तर किंमत अर्धी.

नाण्याच्या प्रकृतीसाठी जगभर एक मोजपट्टी आहे, एक ते सत्तर. ती विल्यम शेल्डन नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं १९४९ मध्ये मांडली. याच गृहस्थांनी माणसांच्या देहाचेही लठ्ठ, पिळदार आणि किडकिडीत असे तीन वर्ग पाडून त्यावरून स्वभाव सांगायचा उद्योग केला होता. तो उद्योग आता कुणी मनावर घेत नाही, नाण्यांचे आकडे मात्र टिकले. त्यांची मूळ कल्पना तर सरळ किमतीचीच होती: अगदी रया गेलेल्या सेंटचा भाव एक धरला तर कोऱ्या करकरीत सेंटचा सत्तर. बाजारानं ते गणित लवकरच मोडलं, पण आकड्यांना कोण हलवणार? आता ६४ आणि ६५ यांच्यात एका गुणाचा फरक आणि पैशांत पगाराचा. चाचांची मोजपट्टी चार घरांची आहे: कडक, अच्छा, चलता, गया. मावशीची राणी 'चलता' आणि 'गया' यांच्या सीमेवर होती. माणसांनाही ते हीच पट्टी लावतात. माझा नंबर मी विचारलेला नाही.

यंत्रावर पाडलेल्या नाण्यांना ही पट्टी ठीक आहे. खरी गंमत हातानं पाडलेल्या नाण्यांत. खालच्या ठशावर धातूची चकती ठेवायची, वर दुसरा ठसा धरायचा आणि घण घालायचा. ठसा मोठा, चकती लहान. ताटाएवढा साचा पुरीवर दाबावा तशी गत. त्यामुळे राजाचं पूर्ण नाव, गावाचं पूर्ण नाव आणि साल ही तिन्ही एकाच नाण्यावर सुखरूप उतरणं म्हणजे भाग्य. काय उतरलं आणि काय बाहेर राहिलं, यावर भाव.

शिवराई बघा. तांब्याची, एका बाजूला तीन ओळींत 'श्री राजा शिव', दुसऱ्या बाजूला दोन ओळींत 'छत्र पति', कडेनं ठिपक्यांची माळ. प्रत्येक घरातली शिवराई महाराजांच्या हातून आलेली असते, निदान आणणारा तसं सांगतो. प्रत्यक्षात महाराजांच्या मागंही शिवराई पुष्कळ काळ पडत राहिली, पेशवाईत तर फारच, आणि इंग्रजी अमलातही ती बाजारात फिरत होती. 'छत्र' आणि 'पति' यांच्यामध्ये दोन आडव्या रेघा दिसल्या की ती दुदांडी, उत्तरकाळातली आणि मुबलक. चाचा नाणं उलटं करतात ते आधी या दांड्या बघायला. समोरच्या माणसाच्या छातीत तेव्हा महाराजांचा घोडा दौडत असतो, आणि चाचांना त्याला थेट सवाई माधवरावांच्या काळात आणून उतरवायचं असतं. ते हे काम फार जपून करतात. "ही थोडी नंतरची आहे," एवढंच.

त्यातून लेखन. कुठं 'शिव', कुठं 'शीव', कुठं 'सिव', तर कुठं 'सीव'. नेहमीपेक्षा वेगळं अक्षर निघालं की पुण्याच्या डॉक्टरांना फोन जातो. अशुद्ध लिहिल्याबद्दल जास्त पैसे मिळण्याची सोय मराठीत फार ठिकाणी नाही. आमच्या शाळेतल्या बाईंना हे कुणी सांगायला हवं होतं.

आणि मग ती बाई आली. बिडकीनकडची असावी, पिशवीत कोथिंबीर आणि कोथिंबिरीखाली डबी. तिची शिवराई वजनदार होती, ठिपके सुरेख, 'छत्र' तर आत्ता खोदल्यासारखं. पण घण जरा वर पडला होता आणि खालची ओळ चकतीबाहेर गेली होती. चाचांनी भिंग खाली ठेवलं आणि खऱ्या दुःखानं म्हणाले, "ताई, छत्र आहे, पण पति नाही." बाईंनी पदर सावरला. "नसू द्या. माझंबी तसंच हाय किती वर्सं, काय अडलं नाही. पैशाचं बोला." चाचांनी ठरवलेल्या भावात शंभर रुपये वाढवले. इतक्या वर्षांत नाण्याशी संबंध नसलेल्या कारणासाठी भाव वाढवताना मी त्यांना तेवढंच पाहिलं.

आपल्या गावाला या कामी एक विशेष सोय आहे. मलिक अंबरनं १६१० मध्ये खडकी वसवली, मुलानं तिचं फतेहनगर केलं, औरंगजेब १६५३ मध्ये दख्खनचा सुभेदार होऊन आला तेव्हा औरंगाबाद झालं, त्याच्यामागून आलेल्या बादशहांनी नाण्यांवर 'खुजिस्ता बुनियाद' असं बिरुद घातलं, आणि २०२३ पासून आपण छत्रपती संभाजीनगर लिहितो. राहणाऱ्यांना प्रत्येक वेळी पाट्या बदलाव्या लागतात. नाणेवाल्यांची मात्र चंगळ. गाव एक, टांकसाळीची नावं दोन. आणि टांकसाळीप्रमाणे जमवणाऱ्याला दोन्ही हवीत. एकच हवं म्हणणाऱ्या गिऱ्हाइकाला चाचा दुसरं नुसतं दाखवतात. पुढच्या रविवारी तो येतोच.

औरंगजेबाचा रुपया ही मुघलांच्या रुपयांतली अगदी नेहमीची चीज. जवळपास पन्नास वर्षं राज्य, ठिकठिकाणी टांकसाळी, सुरतेची तर रात्रंदिवस चाललेली. नाण्यावरच्या फारसी ओळींत चांदीच्या नाण्याला पूर्णचंद्राची उपमा आणि सोन्याच्या मोहरेला सूर्याची, अशी धातूप्रमाणे काव्याचीही प्रतवारी होती. म्हणतात की टोप्या शिवून कमावलेले चार रुपये दोन आणे आपल्या कफनाला वापरावेत, असं त्यानं सांगून ठेवलं होतं. खुलदाबादची ती उघडी कबर इथून फार लांब नाही. एकदा मी चाचांना विचारलं, ते चार रुपये आज आले तर काय द्याल? ते जराही गडबडले नाहीत. "किस टकसाल के हैं?" सुरतेचे असतील तर चांदी आणि वर थोडे. 'औरंगाबाद' पूर्ण वाचता आलं तर बराच जास्त. "और दो आने?" मी विचारलं. "वो उसके ज़माने में होते नहीं, तांबे के दाम होते," म्हणाले. "मगर कोई लाया तो मैं देखूँगा ज़रूर."

मराठवाड्याची स्वतःची आवड मात्र हाली. म्हाताऱ्या माणसांच्या बोलण्यात अजून 'हाली' आणि 'कलदार' येतं: हाली निजामाचा, कलदार इंग्रजांचा, सात हालीला साधारण सहा कलदार असा वट्टा. सरहद्दीवरच्या गावांत लग्नाची बोलणी करताना हुंडा कोणत्या रुपयांत, हे आधी ठरवून घ्यावं लागे. नाहीतर अक्षता पडल्यावर सातवा भाग गायब. निजाम मीर उस्मान अलींच्या रुपयावर चारमिनार आहे आणि मधल्या कमानीत 'ऐन' हे अक्षर, उस्मानमधलं पहिलं. त्यांच्या वडिलांच्या नाण्यावर तिथं 'मीम' होतं, महबूबचं. आता सुरुवातीच्या काही नाण्यांवर हा ऐन आखूड आहे आणि नंतरच्यांवर पूर्ण. उघड्या डोळ्यांना मुंगीएवढी गोष्ट. जालन्याचे मास्तर मात्र तिच्यासाठी एसटीनं येतात, भिंग डोळ्याला लावून कमानीत शिरतात आणि पाऊण तासानं बाहेर येतात.

आता पुरवठ्याचं. कुठं शेतात हंडा सापडल्याची बातमी आली की आपण खजिन्याची स्वप्नं बघतो. चाचा आपल्याकडचा त्या जातीचा माल कमी भावात काढायला घेतात. १९०६ मध्ये नाशिक जिल्ह्यातल्या जोगळटेंभीला क्षत्रप नहपानाची चांदीची नाणी निघाली, १३ हजारांहून जास्त. त्याआधी नहपान दुर्मीळ होता, एका हंड्यात तो घरोघरी मिळेल इतका झाला. पण त्यातल्या ९ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीनं आपला ठसा मारलेला होता. शत्रू हरवला, त्याची नाणी वितळवायला लाकूडफाटा कशाला जाळा, त्याच्याच तोंडावर आपलं चिन्ह ठोका आणि चालवा. संग्राहकांना त्यातही ते नाणं जास्त प्रिय ज्यात सातकर्णीच्या चिन्हाखालून नहपानाचं नाक अजून डोकावतंय. एका नाण्यात दोन राजे. इथं ठसा नीट न बसल्याचेच पैसे.

खोटेपणालाही वय झालं की भाव येतो. मुहम्मद तुघलकानं राजधानी इथं दौलताबादेला आणली आणि १३२९-३०च्या सुमारास पितळेची-तांब्याची नाणी काढून लोकांना सांगितलं, ही चांदीच्या बरोबरीची समजा. लोकांनी समजली, आणि घरोघरी पाडायला घेतली. दोन-तीन वर्षांत सुलतानानं हात टेकले, पितळ घेऊन खजिन्यातून चांदी दिली. इतिहासकार बरनी लिहितो की परत आलेल्या नाण्यांचे ढीग पडले होते. त्यातलं एखादं 'तख्तगाह दौलताबाद' असं वाचता येणारं चाचांकडे आलं की सिडकोतले बँकवाले तातडीनं हजर. ते सुलतानाचं की त्या काळच्या एखाद्या उद्योगी तांबटाचं, हे कित्येकदा नक्की सांगता येत नाही. बँकवाले म्हणतात, काही बिघडत नाही, दोन्ही सातशे वर्षांचे. बँकेत ते नोटा मोजून निवृत्त झाले आहेत. हे वाक्य त्यांनी नोकरीत असताना उच्चारलं नसतं.

कायद्याचंही थोडं सांगायला हवं. १८७८च्या निखात निधी कायद्याप्रमाणे जमिनीत सापडलेलं धन दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचं असेल तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. मर्यादा अजून दहा रुपयेच लिहिलेली आहे. नाणं दहा रुपयांच्या वर आहे की नाही हे ठरवायला अर्थात कुणा चाचांकडेच जावं लागणार. आणि १९७२च्या कायद्यानं शंभर वर्षांवरचं नाणं म्हणजे पुरावस्तू. धंदा करायला परवाना हवा, परदेशी नेता येत नाही. चाचांचा परवाना पेटीच्या झाकणाला आतून चिकटवलेला आहे. यातली मौज अशी की दर वर्षी पंचम जॉर्जचं आणखी एक साल शंभरी ओलांडतं. राजा हप्त्याहप्त्यानं पुरातन होत चालला आहे आणि मावशीच्या ताटातल्या दोघांपैकी एक केव्हाच पुरावस्तू झाला आहे, तरी तिनं त्याला घासायचं सोडलेलं नाही.

याच जॉर्जचा १९११चा रुपयाही चाचा वेगळा काढतात. राजाच्या गळ्यातल्या माळेत हत्ती होता, पण खोदणाऱ्याच्या हातून त्याची सोंड अशी काही आखडली की लोकांना तो डुक्कर वाटला. गहजब झाला, ते रुपये मागं घेतले गेले आणि १९१२ला सोंड व्यवस्थित लांबवली. सरकारनं जनतेचं ऐकल्याचा पुरावा म्हणूनही हा रुपया जपायला हरकत नाही.

सगळं बघून झालं की खरा सामना सुरू होतो, आणि तो शांततेत होतो.

"तुमचा काय विचार?" चाचा विचारतात.

"तुम्हीच सांगा. तुम्हाला माहीत."

"माल तुमचा आहे."

"तुम्ही रोजचे यातले."

जो आधी आकडा बोलेल तो गेला, हे दोघांनाही ठाऊक असतं. चहा येतो. शेजारचा पंखेवाला दोन पंखे विकून मोकळा होतो. चाचा नाणी बोटांनी इकडची तिकडे करतात, आणि इथं नीट बघावं लागतं. ज्या नाण्याकडे ते वारंवार बघतात ते त्यांना नको असतं. हवं असलेलं नाणं त्यांनी आल्याआल्या एकदाच बघितलेलं असतं, मग ते ढिगाच्या कडेला गेलेलं असतं, आणि सौदा होत आला की ते म्हणतात, "और ये भी रहने दो, साथ में." तेच ते. मला हे कळायला बरेच चहा लागले. विकणाऱ्याला तेवढी सवड नसते.

ते शंभराला विकता येईल असं वाटलं तर पन्नास-साठ देतात. लोक यावर रागावतात, निम्मे खातो म्हणतात. पण चाचांच्या पेटीत अशी नाणी आहेत जी त्यांच्या मुलाच्या लग्नाआधीपासून गिऱ्हाइकाची वाट बघतायत आणि आता नातू शाळेत जातोय. अडकलेल्या पैशाचं भाडं त्या चाळिसात आहे, फसवून गेलेल्या एखाद्या १९३९चं नुकसान त्यात आहे, आणि रविवारी पावसानं बुडवलेला बाजारही त्यातच. गिऱ्हाईक ठरलेलं असलं तर मात्र ते न मागता ऐंशी म्हणतात, कारण मास्तरांचा फोन दुपारपर्यंत येणारच असतो.

अलीकडे चाचांना वेगळीच काळजी लागली आहे. मास्तरांना दिसायला कमी झालंय. डॉक्टरांची मुलं अमेरिकेत आणि त्यांना शिवराईत रस नाही. घेणारा गेला की त्याचा सगळा संग्रह बाजारात येतो, आणि ज्याच्यासाठी भाव होता तोच नसतो. म्हणून पेटीच्या एका कोपऱ्यात त्यांनी प्लास्टिकचा डबा ठेवलाय: तीन पैसे, वीस पैशाचं पिवळं कमळ, ॲल्युमिनियमचे चौकोनी पाच पैसे, २०११ला व्यवहारातून उठलेली पावली. ही शाळकरी पोरांसाठी. सालाच्या खाली काही नसलं तर कलकत्ता, चौकट असली तर मुंबई, चांदणी असली तर हैदराबाद, नुसता ठिपका असला तर नोएडा, हे ते पोरांना फुकट शिकवतात. या डब्यात नफा जवळपास नाही. त्यातल्या एकालाही पुढं हालीचं वेड लागलं तर बाकीच्या पेटीला भाव राहील, असा त्यांचा हिशोब आहे.

मागच्या उन्हाळ्यात एक सातवी-आठवीतला मुलगा डब्यावर अर्धा तास वाकून बसला होता. त्यानं हैदराबादची पावली निवडली. चाचा म्हणाले तीस. मुलानं त्यांच्याच हातातलं भिंग मागून घेतलं, नाणं उन्हात तिरकं धरलं आणि म्हणाला, "चाचा, याचा स्टार अर्धाच उमटलाय. वीस." चाचांनी वीसला दिलं. मग संध्याकाळपर्यंत जो कुणी आला त्याला त्यांनी हा किस्सा सांगितला, आणि दर खेपेला तो स्टार थोडा थोडा कमी होत गेला.